तीस टक्क्यांचं सॅलड

१२ मार्च
ग्रेचन म्हणाली, रोज चार ओळी लिहा, हवामानाबद्दल तुम्हाला काय वाटतं ते. मी म्हटलं, मला काही वाटत नाही. तर म्हणाली, मग तेच लिहा. गोड पोरगी आहे. विद्यापीठातून आली आहे, वादळांवर शिकते आहे, आणि बूट असे घालते की चिखलात पाऊल टाकायची सोय नाही.

ती आली ड्वाइटच्या दुकानात, म्हणजे मी जिथे गल्ल्यावर बसते आणि गुरांचा चारा विकते तिथे. तिला असं माणूस हवं होतं ज्याला टिलमोरमधलं प्रत्येक घर माहीत आहे. ड्वाइटने मान वर न करता माझ्याकडे बोट केलं. "ही रोवीना. हिला कुत्र्यांची नावंसुद्धा पाठ आहेत."

यांचं म्हणणं असं. आजवर चक्रीवादळाचा इशारा म्हणजे आहे किंवा नाही. अर्ध्या जिल्ह्यासाठी एकच, आणि सायरन सगळीकडे एकदम. पलीकडच्या टोकाला ढग फिरला तरी आमच्याकडे भोंगा वाजतो. आता ते प्रत्येकाच्या फोनवर सांगणार, पुढच्या तासाभरात तुमच्या घरावर वादळ यायची शक्यता इतके टक्के. ज्याचं पक्कं घर आहे तो थांबू शकतो. जो चाकांवरच्या पत्र्याच्या घरात राहतो त्याला निघायला वेळ लागतो, तर त्याने कमी आकड्यालाच निघावं. प्रत्येकाने आपापला आकडा आधीच ठरवून ठेवायचा.

मग तिने विचारलं, मागच्या मे महिन्यात सायरन वाजला तेव्हा तुमच्याकडे काय झालं?

सांगितलं. त्या महिन्यात सायरन आधीही बऱ्याचदा वाजला होता आणि काही आलं नव्हतं. या भागात सायरन वाजला की पुरुष पोर्चवर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर जातात, वादळ कुठे आहे ते बघायला. माझा नवरा बर्लही गेला. मी आत भांडी विसळत होते. घराला काही झालं नाही. फक्त पोर्च गेला.

ग्रेचन लिहायची थांबली. मी तिला विचारलं, कॉफी घेणार का.

१९ मार्च
चर्चच्या तळघरात पहिली बैठक. ग्रेचनने भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली. हिरवं, पिवळं, लाल. सगळे हाताची घडी घालून बसले होते, पावसाची वाट बघत बसावं तसे.

शेवटी तिने विचारलं, "समजा तुमच्या फोनवर तीस टक्के आलं. तुम्ही काय कराल?"

"गवत कापेन," ड्वाइट म्हणाला.

सगळं तळघर हसलं. तिला कळेना. मग ब्रदर कीथने, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांनी, तिला समजावलं. इथे टीव्हीवर पावसाची शक्यता तीस टक्के सांगितली की लोक यंत्र बाहेर काढतात. तीस म्हणजे कोरडं. चाळीसला बायकोला विचारायचं. साठच्या पुढे गेलं तर मासे धरायला जायचं. आमच्या आजोबांपासूनचा हिशेब आहे हा, आणि बहुतेक वेळा गवत नीट वाळतं.

"पण हे गवत नाही ना," ग्रेचन म्हणाली.

"आकडा तर तोच आहे की बाई," ड्वाइट म्हणाला.

बिचारीचा चेहरा उतरला. चक्रीवादळाच्या बाबतीत तीस म्हणजे केवढा प्रचंड आकडा, आणि ही माणसं तो ऐकून शेतात निघणार. तिला वाईट वाटलं. मला वाटायला हवं होतं असं घरी आल्यावर मनात आलं.

२३ मार्च
रविवार. प्रार्थनेनंतर सगळ्यांनी आपापल्या घरून आणलेलं जेवण. तळलेली कोंबडी, घेवडा, मक्याची भाकरी, तीन प्रकारचे केक. आणि टेबलाच्या टोकाला मिस ओलेटांचं बटाट्याचं सॅलड, निळ्या झाकणाच्या भांड्यात.

मिस ओलेटा माझ्या सासूबाई; इथे वयस्कर बायकांना सगळे मिसच म्हणतात. अनेक वर्षांपूर्वी चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या सहलीत ते सॅलड खाऊन लोक आजारी पडले. म्हणजे खाणाऱ्या दहांतले तीनेक. बाकीचे ठणठणीत होते. त्या आजही शपथेवर सांगतात की दोष सॅलडचा नव्हता, वर्नी पेटीग्रूच्या कोंबडीचा होता. खरं काय ते देवाला माहीत. पण त्या दिवसापासून त्या सॅलडला कुणी चमचा लावलेला नाही. त्या तरी ऐकतात का? दर वेळी करून आणतात, दर वेळी झाकण लावून परत नेतात.

बर्ल तेवढा दोनदा वाढून घ्यायचा, सगळ्यांना दिसेल असं. "मस्त झालंय, आई." आज भांडं भरलेलंच परत गेलं. गाडीपर्यंत मी उचलून दिलं. जड होतं.

२ एप्रिल
दुसरी बैठक. ग्रेचन या वेळी फासे घेऊन आली होती. फासे टाकून शक्यता समजावणार, तेही चर्चमध्ये! ब्रदर कीथ घसा खाकरायला लागले. मला तिची दया आली असावी, कारण मी उभी राहिले.

"ड्वाइट," मी म्हटलं, "तू मिस ओलेटांचं बटाट्याचं सॅलड खाशील?"

"वेड लागलंय का तुला?"

"का बरं? दहांतले तिघंच तर पडले होते आजारी. सात जणांना काही झालं नाही. तीस टक्के. गवत कापायचा आकडा."

वर्नी मांडीवर थाप मारून असा हसला की त्याची कवळी हलली. मग सगळेच हसले. ड्वाइट मात्र हसला नाही. तो बोटांवर काहीतरी मोजत होता. "म्हणजे इतकी वर्षं मी तीसला..." असं म्हणून त्याने बोटं मिटली. त्याला कळलं. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. ग्रेचन टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली होती.

मिस ओलेटा बैठकीला येणार नाहीत असं त्यांनीच फोनवर सांगितलं होतं, गुडघा दुखतोय म्हणून. पण त्या मागच्या रांगेत बसल्या होत्या. उठल्या, पर्स काखेत मारली आणि जिना चढून निघून गेल्या. एकेक पायरी, गुडघ्यामुळे. आम्ही सगळे ऐकत होतो.

७ एप्रिल
ड्वाइटने दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं: आज सॅलड पाच टक्के, खुशाल खा. येणारा-जाणारा हसतो. शाळेतली पोरंसुद्धा म्हणायला लागली. ग्रेचन म्हणते, सहा महिन्यांत जे तिला जमलं नसतं ते मी एका वाक्यात केलं.

मिस ओलेटा फोन उचलत नाहीत.

११ एप्रिल
आज त्यांच्याकडे गेले. गावाच्या पश्चिमेला त्यांचं ते पत्र्याचं घर, जमिनीला पट्ट्यांनी बांधलेलं. पट्ट्या सैल झाल्या आहेत. दार उघडलं, पण जाळीचं दार मध्ये ठेवलं.

"माझी थट्टा करायला आलीस, की झाली करून?"

"चुकलं माझं, मिस ओलेटा. तुम्ही असाल असं वाटलं नव्हतं."

"नसते तर चाललं असतं वाटतं?"

मी तिथेच उभी राहिले. शेवटी त्यांनी जाळी उघडली, थंड चहा दिला, साखर दोन चमचे जास्त घालून; रागात त्या असंच करतात, म्हणजे राग अजून पुरता गेला नव्हता.

मी कामाचं बोलले. म्हटलं, तुमच्यासाठी मी पंधरा धरलाय. पंधरा आलं की चर्चची बस दाराशी येईल. बसायचं, तळघरात उतरायचं.

"आणि तुझा किती?"

"मी पक्क्या घरात राहते."

"पक्क्या घरातच राहत होता तोसुद्धा." मग माझा पेला परत भरत, "बर्लने खणलेलं ते तळघर आहे ना परसात? उतरतेस त्यात?"

"दार कुजलंय. आत कोळ्यांनी जाळी केली असतील."

"मी आकडा विचारला, पोरी. कोळ्यांचं नाही विचारलं."

मी म्हटलं, बघू, ठरवते. त्या म्हणाल्या, "ठरव आणि मला सांग. तुझा जो आकडा असेल ना, त्याच आकड्याला मी निघेन. आधी नाही."

वय झालंय. मागच्या वर्षापासून जरा हट्टी झाल्यात. ब्रदर कीथना सांगायला हवं की यांच्यावर लक्ष ठेवा.

२६ एप्रिल
पहिल्यांदाच फोनवर खरा आकडा आला. दहा टक्के. पत्र्याच्या घरांतली दोन-तीन कुटुंबं चर्चमध्ये गेली, बाकी कुणी हललं नाही. मी पोर्च होता तिथे बसले. तिथे आता नुसता सिमेंटचा चौथरा उरला आहे, आणि दारापासून त्यावर उतरायला एक पायरी. तिथून नैर्ऋत्येचं आभाळ छान दिसतं. ढग आधी राखाडी होते, मग हिरवट झाले. वारा एकदम पडला. मी चहा संपवला. मग पाऊस आला आणि मी आत गेले.

ग्रेचनने विचारलं, आकडा आला तेव्हा तुम्ही काय केलंत? मी सांगितलं, निरीक्षण केलं.

३० एप्रिल
ड्वाइट दुपारी माझ्या घरावरून गेला तेव्हा परत मला चौथऱ्यावर पाहिलं म्हणे. दुकानात आल्यावर म्हणाला, "रोवीना, पोर्चच्या फळ्या वर्षभर माझ्या गोदामात पडून आहेत. चर्चच्या लोकांनी वर्गणी काढून आणल्या. एका शनिवारी उभा करून देतो. हो म्हण."

मी म्हटलं, घाई काय आहे.

"घाई नाही. पण तू तिथे बसतेस ते बरं दिसत नाही."

कुणाला बरं दिसत नाही? मी काय बँडबाजा लावून बसते का? गिऱ्हाईक आलं म्हणून बोलणं तिथेच राहिलं.

५ मे
ग्रेचन गावभर फिरून सगळ्यांचे आकडे विचारते आहे. वर्नी वीस. ड्वाइटने पंचवीस म्हटलं, मग बायको शेजारी उभी आहे हे बघून दहा केलं. पेटीग्रूच्या सुनेने पाच सांगितलं, पोट सातव्या महिन्याचं आहे. मला विचारलं.

"शंभर," मी म्हटलं.

विनोद केला होता. तिला नाही हसू आलं. ही शिकलेली मुलं फार गंभीर असतात.

१७ मे
मी बरी आहे, हे आधी लिहून ठेवते.

सकाळी आठ टक्के होतं. जेवणाच्या वेळी वीस. ड्वाइटने फळा पुसला, नवं काही लिहिलं नाही, दुकान बंद केलं. तो बायकोला घेऊन चर्चकडे गेला. मी घरी आले. चहा केला. बर्फ काढत होते तेव्हा फोन वाजला: तीस.

तेवढ्यात ब्रदर कीथचा फोन. मागे बसचं इंजिन आणि पोरांचा कालवा. "रोवीना, सगळे बसलेत, तुझ्या सासूबाई येत नाहीत. दारात खुर्ची टाकून बसल्यात. मांडीवर ते निळं भांडं. म्हणतात, रोवीनाला विचारा तिचा आकडा किती. मी थांबू शकत नाही गं, बसमध्ये लेकरं आहेत."

गाडी काढली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गारा पडायला लागल्या होत्या, टपावर खडखडाट. खरंच खुर्ची टाकून बसल्या होत्या, रविवारचा झगा घालून.

"चला, मिस ओलेटा."

"तू कुठे चाललीस?"

"तुम्हाला चर्चमध्ये सोडते."

"आणि मग?"

"मग घरी."

"मग मी इथेच बरी आहे," त्या म्हणाल्या आणि भांडं मांडीवर सारखं केलं.

"तीस आलंय! ऐकताय का? तीस!"

"ऐकू येतं मला. तीसला अख्खं गाव माझ्या सॅलडला शिवत नाही. तू शिकवलंस ना सगळ्यांना? मग तू तीसला काय करतेस ते सांग."

मी आभाळाकडे बघितलं. तेव्हा त्या ओरडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं.

"वर बघू नकोस! माझ्याकडे बघ! त्या दिवशी मीही या दारात आले होते बघायला. सायरन वाजला आणि आले. सगळं गाव आलं होतं. माझ्या लेकाने काही वेगळं केलं नाही. त्याच्यावर आलं, आपल्यावर नाही, एवढंच. आता ढग आला की तू तिथे जाऊन बसतेस. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. ड्वाइट मला येऊन सांगतो. मला एक होता, तो गेला. एक उरली आहे, तीही त्याच जागेवर बसून वाट बघते. कशाची वाट बघतेस, पोरी?"

एक गार माझ्या खांद्याला लागली. लागली हे कळलं.

"तीस," मी म्हटलं. "माझा तीस. चला आता."

"खोटं."

"बरं, वीस."

"वीस तर दुपारीच होतं. तेव्हा काय करत होतीस?"

"चहा."

"हंऽ."

"पंधरा! तुमच्याइतकाच! आता उठता का, की खुर्चीसकट उचलू?"

"भांडं धर," त्या म्हणाल्या. "आणि झाकण घट्ट लाव, गाडीत सांडेल."

तळघरात सगळे भिंतीला टेकून बसले होते. ड्वाइटने मला जिना उतरताना पाहिलं आणि बायकोला जरा सरकायला सांगितलं. दिवे गेले. वर्नी म्हणाला, कुणी गाणार असेल तर मी आत्ताच बाहेर जातो. पेटीग्रूची सून माझा हात धरून बसली. तिला कुणाचा तरी हवा होता, माझा जवळ होता.

वर आवाज झाला. वाऱ्याचा, मग पावसाचा. मग नुसता पावसाचा. मग ब्रदर कीथ जिना चढून दार उघडून बघून आले. वादळ उत्तरेला गव्हाच्या शेतांत उतरलं आणि तिथेच विरलं. गावातला एक पत्राही उडाला नव्हता.

"म्हणजे उगाच पळालो," कुणीतरी म्हणालं.

कोपऱ्यातून ग्रेचन उठली. चिखलाचे बूट, डोळे लाल. "दहांतून सात वेळा असंच होईल," ती म्हणाली. "मी तुम्हाला फसवणार नाही. सात वेळा तुम्ही इथे येऊन बसाल आणि काही होणार नाही. तरीही या." ड्वाइट म्हणाला, "सॅलड न खाल्ल्याने तरी कोण उपाशी मेलंय?" आणि जरा हसू झालं.

मिस ओलेटांनी भांड्याचं झाकण उघडलं. जवळच्या दोघांनी पाय आखडून घेतले. त्यांनी चमचा भरून माझ्यासमोर धरला.

मी खाल्लं. मोहरी जास्त, मीठ फार जास्त. दुसरा चमचा मागून घेतला. "मस्त झालंय," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला रडू आलं. तोंडात बटाटा असताना, सगळ्या गावासमोर, बराच वेळ. मिस ओलेटा भांडं धरून बसल्या होत्या. कुणी थांबवलं नाही.

१८ मे
ग्रेचनचा फोन. काल काय वाटलं, विचारत होती. म्हटलं, खारट होतं. ती हसली, मग म्हणाली, "आणि तुमचा आकडा?"

पंधरा सांगितला.

दुपारपर्यंत झोपले. पोट बिघडलेलं नाही.

२४ मे
फोनवर दहा आलं. दहाला पूर्वी इथे लोक कपडे वाळत घालायचे. मी नकळत चहाचा पेला घेऊन दारापर्यंत गेले होते, तेवढ्यात मिस ओलेटांचा फोन.

"किती?"

"दहा."

"कुठे आहेस?"

"दारात," मी म्हटलं. खोटं बोलले नाही.

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन धरूनच राहिल्या. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मी आणखी काही वेळ दारात उभी होते. मग परसात गेले, झाडू घेतला आणि तळघराचं कुजलेलं दार ओढलं. ते बिजागरीसकट हातात आलं. आत कोळ्यांची जाळी होती, मी म्हटलं होतं तशी. बर्लने भिंतीला दोन बाकडी ठोकून ठेवली होती. झाडलं, बसून बघितलं. आभाळ दिसत नाही तिथून.

"आता कुठे आहेस?" फोन.

"खाली."

"दार लागतं का?"

"दारच नाही उरलं."

"मग काय उपयोग," त्या म्हणाल्या, आणि रागावून फोन ठेवला.

संध्याकाळी ड्वाइटच्या घरी गेले. तो जेवत होता. म्हटलं, त्या पोर्चच्या फळ्या घेऊन ये पुढच्या शनिवारी.

त्याने हातातला घास खाली ठेवला. "करायचा पोर्च?"

"नाही," मी म्हटलं. "तळघराला दार करायचंय. मिस ओलेटांचा गुडघा दुखतो, तर पायऱ्याही रुंद कर. फळ्या उरल्या तर तिसरं बाकडं कर. ग्रेचनला कुणीतरी बसायला जागा द्यायला हवी."